हणजूणच्या बाजारात स्टॉल लावणाऱ्या गरीब तिबेटी निर्वासित कुटुंबाच्या बाळाच्या हृदयाला भोक आहे असं डॉक्टर म्हणतात. गोव्यात त्यांना मदत कशी मिळेल? पैसे गोळा करू का?

पैसे गोळा करायला अजून सुरुवात केली नसेल तर दोन दिवस थांबा. मी म्हापशात औषधांचं दुकान चालवते आणि हा घोळ स्वतः घालून बसलेली आहे.

काही हिवाळ्यांपूर्वी माळा, अंगठ्या विकणारी एक तिबेटी बाई माझ्याकडे सारखी बाळासाठी खोकल्याचं औषध न्यायला यायची. दोनदा मी बाळ न बघताच बाटली दिली, तीही माझी चूकच. तिसऱ्या खेपेला ती बाळ घेऊन आली. सात महिन्यांचं, पण काट्यावर पाच किलोही भरेना. तिथेच बाकावर बसून तिने पाजायला घेतलं तर बाळ दोन घोट प्यायचं, धाप लागून सोडून द्यायचं, आणि कपाळावर घामाचे थेंब. डिसेंबरात, पंख्याखाली. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला तर हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक.

मी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर बाळाचा फोटो टाकला आणि खाली माझाच जीपे नंबर. पैसे आले, त्याबरोबर चौकश्याही आल्या: हे लोक इथे कसे, कागद आहेत का, तुमच्याच खात्यात का? एक जर्मन गिऱ्हाईक पैसे पाठवायला निघालं तेव्हा आमच्या सीएने हातच जोडले. परदेशी नागरिकाची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही. बाळाच्या बापाने तो फोटो शेजारच्या स्टॉलवाल्याच्या फोनवर पाहिला. मला तो काही बोलला नाही, पण नंतर दुकानात कधी आला नाही. फोटो टाकू नका.

आणि इतकं करून पैसे खात्यात तसेच पडून, कारण इस्पितळाच्या खिडकीवर प्रश्न वेगळाच होता: पत्ता कुठला?

भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे निर्वासित म्हणून आपसूक पदरात पडेल असं काही नाही. तिबेटींचं तरी बरं, त्यांची सरकारदरबारी नोंद असते. आईबापांकडे आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र असतं, बहुतेकांकडे आधारही असतं, कारण आधार वास्तव्यावर मिळतं. पण त्यावर पत्ता मुंडगोडचा नाहीतर बैलकुप्प्याचा. धंद्याचे महिने गोव्यात, घर कर्नाटकात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेला गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, जानेवारी २०१८पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आहे. थोडक्यात, ही माणसं अडतात ती गोंयकार नाहीत म्हणून. बेळगावहून आलेल्या गवंड्याच्या पोराचीही हीच गत, फक्त त्याच्यासाठी कोणी ग्रुपवर फोटो टाकत नाही.

म्हणून आधी त्यांना विचारा, घर कुठल्या वसाहतीत, कितव्या कॅम्पात. मुंडगोडला तिबेटींचं स्वतःचं इस्पितळ आहे. शिवाय केंद्रीय तिबेटी प्रशासनाची २०१२पासून आरोग्य योजना आहे. तिची वर्गणी भरलेली आहे का, हे कधीकधी आजीलाच ठाऊक असतं. (कुटुंब अफगाण किंवा म्यानमारचं असतं तर पहिला फोन यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या दिल्ली कार्यालयाला करायला सांगितला असता.) बाळाचा जन्मदाखला, दोघांचं आरसी, एकोचा रिपोर्ट, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून इस्पितळातल्या मेडिकल सोशल वर्करला गाठा. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना ही कहाणी ऐकवून काही होत नाही, त्यांना वेळ नसतो.

ऑपरेशनसाठी खारघरचं श्री सत्य साई संजीवनी बघा. तिथे लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात, बिलाची खिडकीच नाही. आधी रिपोर्ट पाठवून तारीख घ्यायची. आमचं बाळ तिथेच गेलं. थिवीहून कोकणकन्या पकडली की पहाटे पनवेल.

तुमचे पैसे तेव्हा लागतील. प्रवास, आईबापांचं तिथलं राहणंखाणं, ऐन सीझनमध्ये बंद पडलेल्या स्टॉलचं भाडं, घरी राहिलेल्या थोरल्या मुलीचं जेवण. आमच्याकडे जमलेल्यातले बरेचसे भाड्यातच गेले, आणि ते देणाऱ्यांना सांगताना मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. इस्पितळाला पैसे भरायची वेळ आलीच तर थेट त्यांच्या खात्यात भरा, पावती बापाच्या हातात.

एवढं सगळं बाळ स्थिर असेल तर. ओठ निळे पडत असतील, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील तर १०८ लावा आणि सरळ बांबोळी. तातडीच्या रुग्णाला कागदांसाठी थांबवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच तसं बजावलेलं आहे.

मोठं भोक असेल तर फार रेंगाळू नका. फुप्फुसांवरचा दाब एकदा कायमचा वाढला की मग ऑपरेशनही करता येत नाही. एकोच्या रिपोर्टवर भोक किती मिलिमीटरचं लिहिलंय ते मात्र आधी बघून घ्या, कारण लहान असेल तर पुष्कळदा ते आपोआप बुजतं आणि डॉक्टर नुसतं सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगतात.