बारमाही फूट मॅट घेताना: मॅटवरचं पाणी शेवटी कुठं जाणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, घर कोल्हापूर शहरात, आठवड्यातून दोनदा कळे-साळवणमार्गे गगनबावडा, मागच्या सीटवर दोन पोरं आणि आजी. कार डेकोरवाला म्हणतो ७डी (शिवलेल्या कृत्रिम चामड्याचे जाड मॅट) बसवा, मेव्हणा म्हणतो नूडल मॅट (प्लास्टिकच्या शेवयांसारख्या वेटोळ्यांचे) लावा, आणि शोरूमनं गाडीबरोबर कापडी मॅट दिलेत. बारा महिने चालेल असं काय घ्यायचं?

टीपीईचे, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचे घ्या. तुमच्याच मॉडेलच्या साच्यातले, कडा उचललेले आणि सुटे निघणारे. बजेटात बसत नसतील तर त्याच मापाचे चांगल्या रबराचे घ्या. ७डी आणि लॅमिनेशन (कार्पेटवर कायमचं अंथरायचं प्लास्टिकचं शीट) मात्र या वापराला अजिबात नको, डेकोरवाला कितीही गोड बोलला तरी.

शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, गगनबावड्याला त्याच्या पाचपट. जुलैमध्ये त्या बाजूला चार वेळा उतरून चार वेळा बसलं की बुटांचं, छत्रीचं, रेनकोटचं पाणी मॅटवर साचतंच. ६० बाय ४५ सेंटीमीटरच्या मॅटवर एक सेंटीमीटर पाणी उभं राहिलं तर ते २.७ लिटर होतं. खाचा, उतार आणि पायाचा दाब धरला तर त्याच्या निम्मं पाणी न सांडता राहतं. हे पाणी अडवलं म्हणजे काम झालं असं नाही. मॅट उचलून ते बाहेर ओतता आलं पाहिजे आणि मॅट पाच मिनिटांत पुसून परत घालता आला पाहिजे.

आता हाच हिशोब ७डीला लावा. वर कृत्रिम चामडं, खाली फोम, आणि शंकरपाळ्याच्या आकाराची शिलाई. शिलाईचं प्रत्येक भोक म्हणजे पाणी खाली जायची वाट. वरून पुसलं की कोरडं दिसतं, पण फोम आणि त्याखालचं कंपनीचं कार्पेट ओलंच राहतं. हे मॅट सीटच्या रुळाभोवती, बाजूच्या प्लास्टिकखाली खोचून बसवतात, त्यामुळं आठवड्याला काढून वाळवणं कुणी करत नाही. श्रावण येईपर्यंत कुबट वास सुरू होतो, काचा आतून धुरकटतात आणि लोक एसीवाल्याकडे धावतात. सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतात, तिथं ओल मुरली तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. शिवाय काही ७डी मॅट मागच्या प्रवाशांच्या पायाशी येणारी, पुढच्या सीटखालची हवेची तोंडंच झाकून टाकतात.

लॅमिनेशन त्याहून वाईट. ते कार्पेटवर पसरून कापून बसवतात. एकदा कडेनं पाणी आत गेलं की बाहेर यायला रस्ताच नाही. पत्रा गंजायला सुरुवात झालेली कळते ती दोन-तीन पावसाळ्यांनी.

नूडल मॅट दिवाळी ते मे उत्तम. ऊसतोडीच्या हंगामातली धूळ तो पोटात घेतो आणि वरून स्वच्छ दिसतो. पण ओली माती वेटोळ्यांत बसली की निघता निघत नाही. शिरोळ-हातकणंगल्याची काळी माती निदान वाळून खपली होऊन पडते. पन्हाळा आणि गगनबावड्याकडची तांबडी माती बारीक, ती रंगच सोडून जाते. ईव्हीए म्हणजे चपलेच्या तळव्यासारख्या फोमचे मॅट हलके आणि स्वस्त, मधाच्या पोळ्यासारख्या घरांत पाणी धरतात. पण बरेचसे सपाट शीट कापून केलेले असतात, कड उभी नसते, आणि ड्रायव्हरच्या टाचेखाली लवकर झिजतात.

टीपीई साध्या रबराच्या तिप्पट-चौपट पैशाला पडतं. वास जवळजवळ नसतो, वजनाला हलकं, आणि उन्हात आकार बऱ्यापैकी धरून राहतं. टीपीईच्या नावाखाली साधं पीव्हीसी प्लास्टिकही खपवतात, म्हणून दुकानात मॅट हातात घ्या. कोपरा पूर्ण दुमडून सोडा: पांढरी रेघ उमटली किंवा घडी तशीच राहिली तर परत द्या. नाकाजवळ धरा, पंक्चरच्या दुकानासारखा उग्र वास असेल तर मेच्या उन्हात बंद गाडीत डोकं उठेल. खालच्या बाजूला बारीक दाणे किंवा खुंट्या हव्यात, गुळगुळीत तळ कार्पेटवर सरकतो. कड दीड ते दोन सेंटीमीटर पुरे. खोल परातीसारखी चार सेंटीमीटरची कड फोटोत भारी दिसते, पण दाराशी आजीचा पाय आणि साडीचा काठ दोन्ही तिथंच अडकणार.

ऑनलाइन मागवताना मॉडेलच्या नावाबरोबर वर्ष आणि गिअरचा प्रकार तपासा. मॅन्युअलला क्लचपाशी वेगळा काप लागतो, आणि डाव्या पायाच्या विसाव्याची जागा ऑटोमॅटिकच्या मॅटमध्ये वेगळी असू शकते. काही मॅट डाव्या स्टिअरिंगच्या गाडीच्या साच्यातले असतात. ते आपल्याकडे ड्रायव्हर बाजूला कधीच नीट बसत नाहीत. डिकीचा मॅट घेणार असाल तर सीएनजीची टाकी आहे की नाही तेही बघा.

ड्रायव्हरचा मॅट हा सजावटीचा भाग समजू नका. २००९ मध्ये टोयोटानं अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल (दोष काढायला गाड्या परत बोलावणं) काढला, तो मॅटमध्ये अ‍ॅक्सिलरेटर अडकतो म्हणून. त्याआधी सॅन दिएगोजवळ टोयोटाच्याच लेक्सस ब्रँडच्या एका गाडीचा जो जीवघेणा अपघात झाला, तिच्यात दुसऱ्या मॉडेलचा बारमाही मॅट टाकलेला होता. म्हणजे मॅट चांगलाच होता, फक्त त्या गाडीचा नव्हता.

म्हणून बसवायची पद्धत सांगतो. जुने मॅट काढा, कार्पेट व्हॅक्यूम करा आणि दारं उघडी ठेवून पूर्ण वाळू द्या. ओल्या कार्पेटवर नवा मॅट म्हणजे ओल झाकून ठेवणं. मॅट गुंडाळून आला असेल तर अर्धा तास उन्हात सपाट पसरा. कंपनीनं ड्रायव्हर बाजूला दिलेले हुक मॅटच्या भोकात नेमके बसले पाहिजेत, खटकन आवाज येईपर्यंत दाबा. हुकाची जागाच जुळत नसेल तर मॅट चुकीचा आहे. भोक पाडून किंवा दुतर्फी टेप लावून जुळवू नका. मग सीट पूर्ण मागे-पुढे सरकवा आणि रूळ मॅटवर चढत नाही ना ते पाहा. इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक, क्लच तिन्ही तळापर्यंत दाबा. सोडलेल्या पॅडलची खालची कड आणि मॅट यांत दोन बोटांची जागा हवी. पूर्ण दाबल्यावरही पॅडल मॅटला टेकता कामा नये आणि सोडल्यावर लगेच वर आलं पाहिजे. त्यानंतर टाचेनं मॅट पुढं ढकलून हेच परत करा. आठवड्यानं एकदा आणि प्रत्येक धुण्यानंतर दरवेळी ही तपासणी हवीच. सर्व्हिस सेंटरमधून गाडी आली की आधी हुक बघायचा, कारण धुऊन झाल्यावर मॅट नुसता टाकून देणारे कमी नाहीत.

एकावर एक दोन मॅट कधीच नको. कापडीवर टीपीई टाकला की हुक वरच्या मॅटला पोचत नाही आणि तो थेट पॅडलखाली सरकतो.

मागच्या सीटसाठी मधला उंचवटा झाकणारा सलग मॅट घ्या. काढताना दोन हात लागतात हे खरं, पण पोरांच्या पायाचं पाणी बरोबर त्या उंचवट्यावरून दोन तुकड्यांच्या फटीत उतरतं.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळे मॅट उचला आणि कार्पेटवर घडी घातलेला वर्तमानपत्राचा कागद टाकून त्यावर उभे राहा. कागद ओला झाला आणि मॅट मात्र शाबूत असेल तर दोष मॅटचा नाही. एसी चालवल्यावरच पुढं डाव्या बाजूला ओल येत असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. फक्त पावसात येत असेल तर दाराचं रबर किंवा दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा पाहा. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळतंय. तिथं मॅट बदलत बसू नका, गॅरेज गाठा.

धुण्याला गाडीचा शाम्पू आणि मऊ ब्रश पुरे. रॉकेल-डिझेलनं रबर फुगतं. डॅशबोर्डची चकाकी आणणारं पॉलिश मॅटवर मारू नका, ओला बूट ब्रेकवरून घसरेल. सावलीत उलटा टांगून वाळवा.

राहिला गुलाल, जो इतर गावांच्या सल्ल्यांत सापडणार नाही. जोतिबाहून आलात, किंवा गावात निवडणुकीचा निकाल लागला, की गाडीत गुलाल येणारच. पाणी लावण्याआधी मॅट हळूच उचलून बाहेर झटका आणि उरलेला व्हॅक्यूमनं ओढा. ओला झाला की तो टीपीईच्या खाचांतून घासून निघतो, पण कार्पेटमधून निघत नाही. त्या दिवशी पोरांना बसवण्याआधी सीटवर जुनी चादर टाका. शोरूमचे कापडी मॅट मात्र माळ्यावर राहू द्या; गाडी विकताना कोरे करकरीत कामाला येतील.