अमेरिकेतले सुरुवातीचे जॅझ पियानोवादक युरोपात का गेले आणि त्यांचं पुढे काय झालं?

मुख्य कारण मान आणि काम. अमेरिकेत कृष्णवर्णीय वादक ज्या हॉटेलात वाजवायचा, तिथे पाहुणा म्हणून त्याला बहुतेकदा प्रवेश नसायचा. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या क्लबांना मात्र असेच कलाकार हवे होते.

मला सर्वात जवळचा वाटतो तो फ्रेडी जॉन्सन. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा वादक १९२८ मध्ये सॅम वुडिंगच्या बँडबरोबर युरोपात आला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये स्वतंत्रपणे वाजवू लागला. नंतर तो नेदरलँड्समध्ये रमला. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सबरोबर त्याने तिथे १९३७ मध्ये केलेली रेकॉर्डिंग जरूर ऐका. डाव्या हाताचा ठेका इतका भक्कम की सोबतीला मोठा बँड नाही हे जाणवतच नाही. पण युद्ध आलं. डिसेंबर १९४१ मध्ये नाझींनी त्याला पकडलं आणि १९४४ च्या सुरुवातीपर्यंत तो बव्हेरियातल्या छावणीत कैद होता. सुटल्यावर तो अमेरिकेला परतला. या माणसाचं नाव आज इतक्या कमी लोकांना ठाऊक असावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हर्मन चिटिसन १९३४ मध्ये पॅरिसला आला, तिथून इजिप्तला गेला. टेडी वेदरफोर्डने तर १९२६ मध्येच आशियाची वाट धरली. १९३७ मध्ये त्याने पॅरिसमध्ये रेकॉर्डिंग केलं, आपल्या मुंबईच्या ताजमध्येही तो वाजवायचा. १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने तो गेला.