त्र्याहत्तराव्या पानावर अडकलेला वाचक

वर्षातून दोनदा, म्हणजे मे महिन्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या सुट्टीआधी, माझ्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो: "मुलगा आठवीत गेला, पण पुस्तक हातात धरत नाही, त्याला एखादी चांगली कादंबरी सुचवा." मी समुपदेशक आहे, ग्रंथपाल नव्हे. तरीही हा प्रश्न मी टाळत नाही, कारण पुस्तकाच्या निमित्ताने आईवडील आणि मूल माझ्यासमोर जे बोलतात, ते एरवी घरात कुणी उच्चारलेले नसते. साताऱ्यातल्या एका कुटुंबाची हकिकत त्यासाठी सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यापूर्वी तिघांचीही संमती घेतली आहे.

वडील पतसंस्थेत अधिकारी, आई एका औषधांच्या दुकानात हिशेब पाहणारी, आणि मुलगा सेमी-इंग्रजीत आठवीला. पहिल्या भेटीत बोलले ते मुख्यतः वडील. "मॅडम, घरात दीड-दोनशे पुस्तकं आहेत. मी सातवीत असताना 'श्रीमान योगी' एका सुट्टीत वाचून काढलं होतं. हा पानसुद्धा उलटत नाही. मोबाइलनं सगळं वाटोळं केलं." आई मध्येच हळू आवाजात म्हणाली, "पाचवीपर्यंत हा जेवताना ताटासमोरही पुस्तक धरून बसायचा हो." त्यांना ते कदाचित तक्रारीचे पुढचे वाक्य वाटले असेल, पण मला त्या तासातली खरी माहिती तेवढ्या एका वाक्यातून मिळाली. ज्याला वाचनाची गोडी कधी लागलीच नाही असे मूल आणि वाचता वाचता थांबलेले मूल, ही दोन वेगळी मुले असतात आणि त्यांना एकच औषध चालत नाही.

मुलाशी मी एकट्याने बोलले. आवडते पुस्तक कोणते, हा प्रश्न मी अलीकडे विचारत नाही, कारण त्याचे उत्तर मुले समोरच्याचा चेहरा पाहून देतात. त्याऐवजी मी विचारते की मध्येच सोडून दिलेले शेवटचे पुस्तक कोणते आणि ते कुठे सोडले. त्याने आधी बंद दाराकडे पाहिले आणि मग म्हणाला, "'मृत्युंजय'. त्र्याहत्तराव्या पानावर." इतका अचूक आकडा कसा लक्षात राहिला, असे विचारल्यावर तो म्हणाला, "तिथं खुणेला एसटीचं तिकीट ठेवलंय. बाबा रोज बघायचे, तिकीट किती सरकलं ते."

सहावीची परीक्षा संपल्यावर वडिलांनी स्वतःचे सर्वांत लाडके पुस्तक मुलाच्या हाती दिले होते आणि रोज दहा पाने असा नेम घालून दिला होता. रात्री जेवताना ते "आज काय झालं?" असे विचारत. पहिले काही दिवस मुलाने वाचले. मग डोळे ओळींवरून जात राहिले पण आत काही उतरेना, तेव्हा तो न वाचताच तिकीट दहा दहा पानांनी पुढे सरकवू लागला. एका रात्री प्रश्नाचे उत्तर चुकले. वडिलांनी स्वतः तिकीट मागे नेऊन त्र्याहत्तराव्या पानात ठेवले, कारण तिथपर्यंतचे त्याला सांगता आले होते. त्या दिवसापासून तो "मला वाचायला आवडत नाही" असे म्हणू लागला. "मला हे समजत नाही" असे बाराव्या वर्षी वडिलांना सांगण्यापेक्षा हे वाक्य किती तरी सोपे असते. मोबाइल घरात आला तो यानंतर.

इथे दोष 'मृत्युंजय'चा नाही आणि वडिलांच्या हेतूचाही नाही. शिवाजी सावंतांची १९६७ साली आलेली ही कादंबरी मी स्वतः दोनदा वाचली आहे. पण कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा निवेदक, संस्कृतकडे झुकणारी वाक्ये आणि महाभारताची नाती आधीच ठाऊक आहेत हे गृहीत धरलेले कथन, एवढे सगळे पेलायला वाचनाचा काही सराव लागतो. हा मुलगा त्याआधी काय वाचत होता? भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून जसा सुटतो तशीच त्यातली वाक्येही सुटतात; वाचणाऱ्याला थांबून अर्थ लावावा लागत नाही. तिथून एकदम कर्णाकडे, म्हणजे मधल्या चार पायऱ्या नसलेला जिना चढण्यासारखे आहे.

या पायऱ्या मराठीत नाहीत असे नाही, पण त्या एका जागी सापडत नाहीत. मी पाहिलेल्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत बालविभागाचे एक कपाट असते आणि त्यानंतर थेट कादंबऱ्यांची, लेखकांच्या नावांनुसार लावलेली, मोठ्यांची कपाटे सुरू होतात. बारा ते सोळा वर्षांच्या वाचकासाठी 'कुमार' अशी पाटी क्वचितच दिसते. त्यातून आता आणखी एक अडचण आली आहे. इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजीत शिकणारे मूल चौदा वर्षांच्या मुलासारखे मराठी बोलते, पण मराठी वाचण्याचा त्याचा वेग दहा वर्षांच्या मुलाचा असतो. त्याला झेपेल असे पुस्तक दिले तर ते बाळबोध म्हणून तो बाजूला सारतो, आणि वयाला शोभेल असे दिले तर भाषेत अडकतो. त्यामुळे मी अशी पुस्तके शोधते ज्यांत वाक्ये छोटी आणि बोलण्याच्या जवळची आहेत, पण त्यांतल्या माणसांपुढचे पेच मात्र लहान मुलांचे नाहीत.

या मुलाला यंत्रांचे वेड होते, म्हणून मी जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' सुचवली. आकाराने छोटी, भाषा सरळ, आणि यंत्रमानवाच्या बुद्धीबद्दलचा तिचा प्रश्न आजच्या मुलाला अजिबात जुना वाटत नाही. घरी अट एकच घातली: पुस्तक कुठवर आले, हे कुणी विचारायचे नाही. नऊ दिवसांनी तो आला आणि म्हणाला, "शेवट नाही आवडला." मला आनंद झाला, कारण शेवट न आवडण्यासाठी शेवटपर्यंत जावे लागते.

दुसऱ्या भेटीला आई एकटीच आली. तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुस्तक काढून टेबलावर ठेवले. मिलिंद बोकीलांची 'शाळा'. ते मामेभावाकडून आलेले होते आणि तिला गादीखाली सापडले होते. "ह्यांना अजून सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "यात शिव्या आहेत, मुलीच्या मागं फिरणं आहे, आणि हा अर्ध्याच्या पुढं जाऊन बसलाय." मला हसू आवरले नाही, याबद्दल मी तिची नंतर क्षमा मागितली. मुलगा वाचत नाही ही चिंता घेऊन आलेल्या घरातच मुलगा वाचतो आहे ही चिंता गादीखालून निघाली होती.

ही कादंबरी मुलांना द्यावी का, हे मला इतक्या पालकांनी विचारले आहे की माझे मत इथे स्पष्ट लिहिते. २००४ साली आलेल्या या कादंबरीत आणीबाणीच्या काळातल्या एका गावातला नववीचा मुलगा मुकुंद आपले मित्र, शिक्षक, घर आणि वर्गातली शिरोडकर यांच्याबद्दल सांगतो. सहावी-सातवीत मी ती सुचवणार नाही. नववीत निःशंक सुचवीन, आणि आठवीत घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने ती वाचलेली असेल तर. त्यातल्या शिव्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. त्याहून जास्त शिव्या मुले शाळेच्या व्हॅनमध्ये ऐकतात. मला बोलावेसे वाटते ते दुसऱ्याच गोष्टीवर. सगळी कथा मुलाच्या तोंडून येते, त्यामुळे त्या मुलीला काय वाटत असेल हे वाचणाऱ्याला स्वतः शोधावे लागते, आणि चौदा वर्षांच्या मुलाशी नेमके तेवढेच बोलायचे असते.

आईला मी सांगितले की पुस्तक हिसकावू नका आणि गुपचूप परत गादीखालीही ठेवू नका. आधी तुम्ही वाचा आणि मग "मीही वाचलं" एवढेच म्हणा. पुढे मुलाच्या संमतीने वडिलांनाही कळवले. ते पहिल्यांदा चिडले. त्यांचा राग पुस्तकापेक्षा लपवण्यावर अधिक होता. लपवायला घरात कोण शिकले आणि कसे, हे त्या तिकिटाची आठवण करून देऊन मी विचारले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनीही 'शाळा' वाचली. आपल्या नववीबद्दल त्यांनी मुलाला काही तरी सांगितले म्हणे. काय सांगितले, हे मला दोघांपैकी कुणीही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

माझ्या हातून चूक झाली ती त्यानंतर. उत्साहाच्या भरात मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. १९५५ सालची ही कादंबरी पानांनी लहान आहे, औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची आहे, आणि तिच्यात एकही वाक्य फुगवलेले नाही. शिवाय ती माझी लाडकी आहे, आणि घोटाळा तिथेच होता. वडिलांना ज्याबद्दल मी सुनावले होते तेच मी केले. वीस-बावीस पाने वाचून मुलाने ती परत केली. "यात काही घडतच नाही, आणि बोलणं वाचायला वेळ लागतो." मी पुस्तक कपाटात ठेवायला उठले तेव्हा आईने ते मागून घेतले. तिचे माहेर माण तालुक्यातले. संध्याकाळी स्वयंपाक उरकल्यावर ती त्यातले संवाद मोठ्याने वाचू लागली, आणि कागदावर अडणारी तीच माणदेशी बोली मुलाला कानांनी सहज कळू लागली, कारण आजोळी तो तीच ऐकत आला होता. सुरुवातीला तो दुसऱ्या खोलीतून ऐकत असे. दुष्काळाने वाडी रिकामी होत जाते त्या भागापर्यंत तो आईजवळ येऊन बसलेला होता.

मोठ्याने वाचणे हे लहान मुलांसाठीच असते, हा समज मी तेव्हापासून पालकांच्या मनातून काढू पाहते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली ती रात्रींमध्ये विभागून, म्हणजे रोज थोडे सांगायचे आणि ऐकायचे अशाच रीतीने. सुट्टीत चार दिवसांत संपव असे सांगून ती हाती दिली की मूल कंटाळते आणि आपण म्हणतो की आताच्या मुलांना भावनाच नाहीत.

पुस्तक सुचवताना मी आणखी एक गोष्ट पाहते, ती म्हणजे मुलाच्या आयुष्यात सध्या काय चालू आहे. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली 'पाडस' ही तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला द्यावी अशी उत्तम कादंबरी आहे, पण तिच्या शेवटी ज्योडीला आपल्या हरणाच्या पाडसाला स्वतः गोळी घालावी लागते. सातवीतल्या एका मुलीचा कुत्रा नुकताच गेला होता, तेव्हा मी ती आठ महिने थांबवून ठेवली आणि तोवर शांता शेळके यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' दिली. मृत्यू, आत्महत्या किंवा अत्याचार पुस्तकात आला की ते मुलांपासून दूर ठेवावे, असे मी म्हणत नाही. पण ज्या मुलावर तसा प्रसंग नुकताच ओढवला आहे त्याला त्या पुस्तकासोबत एकटे सोडू नये, आणि मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल तर पुस्तक बाजूला ठेवून आधी तज्ज्ञाची भेट घ्यावी.

त्या मुलाने पुढे प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' घेतले. ती कादंबरी नव्हे, कथा आहेत. पण आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपनच्या त्या गोष्टी सलग वाचल्या तर कादंबरीचेच समाधान देतात आणि एखादी सोडली तरी काही बिघडत नाही. त्याने दोन सोडल्या. मधल्या काळात त्याने सहा आठवडे काहीही वाचले नाही, कारण शाळेत कबड्डीचे सामने होते. वडिलांनी मला त्याबद्दल दोनदा फोन केला आणि मुलाला एकदाही विचारले नाही, हे त्यांच्यासाठी किती कठीण होते याची मला कल्पना आहे.

शेवटच्या भेटीत वडील म्हणाले की कपाट आवरताना 'मृत्युंजय' हाताला लागले, तिकीट अजून त्याच पानात आहे आणि ते काढून टाकावे का असा त्यांना प्रश्न पडला आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मुलाकडे पाहिले.

"राहू द्या," तो म्हणाला. "पण बघू नका."