पाळणाघर सुरू करताना : रजिस्टर आणि प्रत्यक्ष खोली

तुम्ही कंपनीच्या आवारातील पाळणाघराची जबाबदारी प्रथमच घेत आहात, म्हणून लिहीत आहे. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा मिळाली. त्यामुळे आई कोणत्याही क्षणी दारात उभी राहील, असे धरूनच खोली ठेवावी.

कागदपत्रे महत्त्वाची आहेतच. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र जानेवारी व जुलैत सादर होते, त्याची प्रत मागून घ्या. मात्र अग्निशामक नळकांड्याच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे दर महिन्याला स्वतःच वाकून पाहा. आमच्याकडे एकदा तारखेचे लेबल नवे आणि काटा लाल पट्ट्यात होता.

मला सर्वाधिक धास्ती न्हाणीघरातील अर्ध्या भरलेल्या बादलीची वाटते, कारण रांगत्या मुलाला बुडायला वीतभर पाणीही पुरते. बादली वापरून झाली की लगेच उपडी ठेवावी. तान्ह्या बाळाला उशीविना उताणे निजवावे. शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षे लहानग्यांच्या डब्यातून बाजूला काढावीत. पालकांच्या लेखी सूचनेशिवाय औषधाचा थेंबही देऊ नये. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास पॉक्सोच्या (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या) कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. तिथे व्यवस्थापनाच्या परवानगीची वाट पाहायची नसते.