महिना सात हजारांसाठी २४ लाख पणाला

प्रश्न: मी ५४ वर्षांचा, बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. हातात ६२ हजार पगार येतो, ५८ ला निवृत्ती. वडगावात स्वतःचं घर आहे. मुलगा बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, पण फोटोग्राफीचं वेड. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात डॉक्युमेंटरी, स्ट्रीट आणि इव्हेंट फोटोग्राफीच्या तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळतोय. फी वर्षाला १६ हजार पाउंड. एजंट म्हणतो, लग्नांचे फोटो काढून राहण्याचा खर्च तो तिथेच काढेल. एका सौहार्द सहकारी संस्थेत माझी २४ लाखांची ठेव आहे, साडेदहा टक्क्यांनी. विमा ५ लाखांपर्यंत असतो म्हणून ती आई, मुलगा धरून घरातल्या पाच जणांच्या नावावर वाटून ठेवलीय. मुलाच्या नावाने पॉलिसी आहे. १२ वर्षं १ लाख २० हजारांचा हप्ता, विसाव्या वर्षी २४ लाख मिळणार. पाच हप्ते भरले. ठेव मोडू की घरावर कर्ज काढू? मुलाने काढलेला एक फोटो सोबत पाठवतोय.

उत्तर: ठेव मोडा. मुलगा ब्रिटनला गेला नाही तरी मोडा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते ‘पाच जणांच्या नावावर’ या शब्दांसाठी. तुम्ही बेफिकीर नाही. उलट काळजी घेतलीत, ४ लाख ८० हजारांच्या पाच पावत्या केल्यात. पण ज्या विम्याच्या भरवशावर हे केलंत, तो विमा या पावत्यांना नाहीच. ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांचं संरक्षण फक्त बँकांतल्या ठेवींना असतं. बँक सरकारी असो, खाजगी असो की सहकारी, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. सौहार्द ही कर्नाटकच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेली संस्था. ती बँक नव्हे. काउंटर, पासबुक, लॉकर सगळं बँकेसारखं दिसतं, पण उद्या काही झालं तर पाच पावत्यांमागे विम्याचा एक रुपयाही नाही.

तुमची सौहार्द बुडेल असं मी म्हणत नाही. अनेक चांगल्या चालतात. चेअरमन ओळखीचे असतील, सज्जनही असतील. पण आयुष्यभराची सगळी पुंजी एकाच संस्थेत ठेवायला ओळख हे कारण पुरत नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठूनही पत्र आलं की हीच कथा असते आणि दर वेळी माझा जीव वरखाली होतो.

जास्तीचं मिळतं तरी किती? बँकेत सात टक्के धरा. फरक साडेतीन टक्क्यांचा. २४ लाखांवर वर्षाला ८४ हजार, म्हणजे महिना सात हजार. तेवढ्यासाठी २४ लाख पणाला लागलेत. मुदतीआधी काढताना व्याजात एक-दोन टक्के कापले जातील, जाऊ द्या. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पैसे दोन-तीन चांगल्या बँकांत आणि थोडे पोस्टात ठेवा. आईंचं वय साठच्या वर असणारच. त्यांच्या वाट्याचे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला.

आता पॉलिसी. घर चालतं तुमच्या पगारावर आणि विमा उतरवलाय मुलाचा! एकूण भरणार १४ लाख ४० हजार, वीस वर्षांनी मिळणार २४ लाख. आकडा मोठा दिसतो, परतावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. बचत खात्याच्या जेमतेम वर. ज्याने ही गळ्यात मारली त्याने स्वतःचं कमिशन पाहिलं, तुमचं घर नाही. उरलेले सात हप्ते भरू नका, पेड-अप करून घ्या, म्हणजे हप्ते थांबतील आणि पॉलिसी कमी रकमेवर चालू राहील. वाचलेल्या पैशातून तुम्हा दोघांचा आरोग्य विमा आत्ताच घ्या, कारण कंपनीने काढलेला असेल तर तो निवृत्तीबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

राहिली पदवी. पाउंड १२० रुपये धरला तर फी १९ लाख, राहणं-खाणं १० ते ११ लाख. वर्षाला ३० लाख, तीन वर्षांचे ९०. तुमचे २४ संपवून वर ६६ लाखांचं कर्ज. साडेदहा टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी, हप्ता ९० हजारांच्या घरात, आणि तो जोरात सुरू होईल तेव्हा तुमचा पगार थांबायला आलेला असेल. घरावर कर्ज काढू नका.

एजंटचं म्हणणं तर धडधडीत खोटं आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या मुलांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, स्वतंत्र धंदा नाही. लग्नाचे फोटो काढून स्वतःचं बिल लावणं हा धंदाच. मुलाने ते केलं तर व्हिसाच धोक्यात येईल.

आणि तो फोटो. ओतकाम संपवून बाकावर टेकलेला कामगार, एक हातमोजा काढून मांडीवर ठेवलेला, चहाचा ग्लास धरलेल्या हातावर हातमोज्याच्या कडेपर्यंतच काजळी. चेहरा चौकटीबाहेर. हे बघणं मुलाला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून मी ‘छंद म्हणून राहू दे’ असं सांगणार नाही. हे शिक्षण खरं आहे. वेल्समधल्या न्यूपोर्टला डेव्हिड हर्न यांनी १९७३ मध्ये डॉक्युमेंटरी छायाचित्रणाचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून लोक हे रीतसर शिकताहेत. पण मुलगा पदवीधर होतोच आहे, मग पुन्हा पहिली पदवी कशाला? नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या (एनआयडी) गांधीनगर कॅम्पसमध्ये छायाचित्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षा अवघड आहे, पण तिथला सगळा खर्च ब्रिटनच्या एका वर्षाइतकाही होत नाही.

तोवर एक वर्ष द्या त्याला, आणि तीन लाख. वापरलेला चांगला कॅमेरा, दोन लेन्स, लॅपटॉप. हंगामात लग्नं करून तो स्वतःचा खर्च काढेल. उरलेल्या दिवसांत तुमच्या फाउंड्रीतच वर्षभर फोटोंचं काम करू दे. शिवजयंतीची मिरवणूक, सौंदत्तीची यात्रा सगळेच टिपतात. वितळलेल्या लोखंडाजवळ उभं राहण्याची परवानगी मात्र त्याला तुमच्यामुळे मिळेल, आणि प्रवेशाच्या वेळी दाखवायला तेच काम लागतं.

विद्यापीठाची जागा राखण्याचे पैसे अजून भरले नसतील तर भरू नका. सोमवारी पाचही पावत्या घेऊन सौहार्दमध्ये जा, मुलालाही सोबत न्या. एक पावती त्याच्या नावावर आहे, सही त्याचीच लागेल.