बाप पेते, मग पोरगंही पेईन काय?

मी किशोरवयीन मुलांची समुपदेशक. मैत्री क्लिनिकच्या, म्हणजे या मुलांसाठीच्या सल्ला केंद्राच्या बाकावर, पालकसभेत, कधी एसटीची वाट पाहताना स्टँडवर, आया मला हाच प्रश्न विचारतात. "मॅडम, याचा बाप पेते. आता पोरगंही पेईनच काय?" शिक्षकांची काळजी थोडी वेगळी असते. शाळेत दारूबद्दल बोललो तर ज्याला सुचलं नाही त्यालाही सुचेल, असं त्यांना वाटतं. वर पुस्ती असतेच, "आणि आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे ना."

आहे. सेवाग्राम आणि पवनारच्या या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, नाल्याकाठी ड्रममध्ये मोहाचा सडवा मुरतो, पोलीस तो ओतून देतात आणि काही दिवसांत दुसरीकडे नवा ड्रम लागतो. शेजारच्या जिल्ह्यांतून बाटल्याही येतात. कोणत्या घरी काय मिळतं हे नववीतल्या मुलाला ठाऊक असतं. त्यामुळे "न सुचलेलं सुचेल" ही भीती मी बाजूला ठेवते. मुलांना दारू ठाऊक आहे. तिच्याबद्दल जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं चुकीचं आहे, आणि त्याहून चुकीचं ते स्वतःबद्दल धरून बसलेले असतात.

सागरचं उदाहरण सांगते. नाव बदललं आहे आणि ओळख पटू नये म्हणून आणखी दोन-तीन मुलांचे तपशील त्यात मिसळले आहेत. सागर नववीत, आई मजुरीला जाते, वडील रोज पिणारे. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तो मित्रांबरोबर शेतात प्यायला, घरी येऊन ओकला. दोन दिवसांनी आई त्याला घेऊन आली.

"याचे आबाजी पेत होते, बाप पेते, आता हा. आमच्या घरच्या रक्तातच हाय जी."

सागर मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता की लाज नव्हती. निकाल लागून गेल्यासारखा तो बसला होता. त्या बसण्यानेच मी सावध झाले. आईला मी बाहेर बसायला सांगितलं.

"बाटली पुढं केली तेव्हा मित्र काय म्हणाले?"

"म्हणाले, तू त पव्वाच हायस, तुले काय शिकवाचं."

"पव्वा?"

"शाळेत मले पव्वाच म्हणतेत."

"कधीपासून?"

बराच वेळ गेला. मग म्हणाला, "हात वर केला तवापासून."

२६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. विदर्भात शाळा उघडतात त्याच सुमारास तो येतो, म्हणून घाईघाईत प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, कोणीतरी पाहुणे बोलावले जातात. त्या वर्षी पाहुण्यांनी सडलेल्या यकृताची चित्रं दाखवली आणि मग विचारलं, "कोणाकोणाच्या घरी दारू पितात? हात वर करा." सागरने खरं ते केलं. अनेकांनी हात खालीच ठेवले. तो एकटा दिसला. वर्ग हसला. दारूपासून लांब ठेवण्यासाठी घेतलेल्या त्या तासाने त्याला एक नाव चिकटवलं, आणि अडीच-तीन महिन्यांनी शेतात बाटली पुढे आली तेव्हा तो त्या नावाला जागला.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. माणसाला प्रसंग पाडत नाही, प्रसंगाबद्दल तो मनाशी जे वाक्य घोकतो ते पाडतं, यावर माझा पक्का विश्वास आहे. सागरचं वाक्य होतं, "मी बाबासारखाच होणार." अशा वाक्याशी मी वाद घालत नाही. त्याच्याकडे पुरावा मागते.

"गावात सगळेच पेतेत," तो म्हणाला.

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग."

त्याने भराभर नावं घेतली आणि सहाव्या नावाला थांबला. सहाही जण पारावर बसणारे.

"बाकीचे?"

"बाकीचे..." तो विचारात पडला. "बाकीच्यायचं मी पाह्यलंच नाही."

मला इथे दार दिसलं. मी त्याला एक काम दिलं. मारुतीच्या देवळापासून हातपंपापर्यंत आपल्या ओळीतली घरं वहीत लिहायची. घरातला मोठा पुरुष पितो हे नक्की माहीत असेल तर फुली, नसेल तर काही नाही. कोणाला विचारत फिरायचं नाही, वही कोणाला दाखवायची नाही. शेवटी आपलं घर, आबाजींपासून सगळी मुलं.

पुढच्या खेपेला आला तेव्हा वही उघडण्याआधीच बोलायला लागला. ओळीतल्या निम्म्याहून जास्त घरांपुढे फुली नव्हती, याचंच त्याला आश्चर्य वाटत होतं. "मॅडम, हे लोक संध्याकाळी घरी राह्यतेत. म्हून दिसत नाहीत." मी मनात म्हटलं, हे एखाद्या अभ्यासकाने लिहावं असं निरीक्षण आहे. पिणारा चौकात दिसतो, आरडाओरडा करतो, पडतो. न पिणारा सामुदायिक प्रार्थना आटोपून जेवायला बसलेला असतो, त्याची कोणी मोजदाद करत नाही.

मग त्याने पान उलटलं. आपल्या घराच्या पानावर तो बोट ठेवून थांबला.

"आबाजीले तीन पोरं," तो म्हणाला. "मोठे बाबा पेत नाही. काका पेत नाही. बाबाच पेतेत."

मी गप्प राहिले. तो स्वतःशीच पुन्हा म्हणाला, "तीन. एकच पेते."

आई या वेळी आतच बसली होती. ती हळूच म्हणाली, "मोठे भासरे पहिले पेत होते. तू लहान होता. मंग सोडली त्यायनं."

सागरने झटकन तिच्याकडे पाहिलं. "मोठे बाबा पेत होते?"

घरातल्या पिण्याची चर्चा होते, सोडण्याची होत नाही. ज्याने सोडली तो आपल्या जुन्या दिवसांबद्दल बोलत नाही, बाकीचेही विषय काढत नाहीत. त्यामुळे मुलासमोर घरातला सर्वांत उपयोगी माणूस लपूनच राहतो. त्याच आठवड्यात सागर आपणहून मोठ्या बाबांकडे गेला. ते काय बोलले हे त्याने मला पूर्ण सांगितलं नाही आणि मीही खोदलं नाही. "सोपं नोतं म्हणे," एवढंच म्हणाला. पण त्या दिवशी तो खुर्चीत सरळ बसला होता. इतक्या वर्षांच्या कामात मी या बदलाला सर्वांत जास्त किंमत देते, कारण तो माझ्या तोंडच्या उपदेशाने आलेला नव्हता. त्याने स्वतःच्या हाताने मोजून आणला होता.

आता आयांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. रक्ताचा भाग आहे, तो मी नाकारत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून, व्यसनाच्या जोखमीतला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो. उरलेला निम्मा घर, संगत, पहिला घोट कोणत्या वयात आणि स्वतःबद्दलची समजूत यांचा. वयाचा मुद्दा तर फार मोठा आहे. १९९७ मधल्या अमेरिकन अभ्यासात, पंधरा वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्यांमध्ये पुढे व्यसनाधीनतेचं प्रमाण विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या जवळपास चौपट आढळलं. मेंदूचा आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून ज्याचा बाप पितो त्या मुलाचा पहिला घोट जितका लांबेल तितका लाभ. "तू बापावरच जाशील" हे वाक्य मात्र घरात बंद करा. रागात म्हणता, पण मूल ते भविष्य म्हणून ऐकतं.

सागरनंतर मी त्याच शाळेत मुख्याध्यापकांकडे नववीचे चार तास मागितले. सर म्हणाले, "पोलीस साहेबांना बोलावू, धाक बसेल." मी त्यांना अमेरिकेतलं सांगितलं. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी वर्गात जाऊन शिकवण्याचा डेअर नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर पसरला. पुढे मुलांच्या पिण्यावर परिणाम तपासला तर तो जवळजवळ दिसला नाही. याउलट युरोपातल्या सात देशांत बारा ते चौदा वर्षांच्या मुलांकडून नकार द्यायचा सराव करून घेतला आणि "सगळेच पितात" हा समज खोडला, तेव्हा झिंगेपर्यंत पिण्याचं प्रमाण कमी झालं. फरक माफक होता. माफक फरकसुद्धा एखाद्या घराला पुरतो.

पहिल्या तासाला कोणी हात वर करत नाही. डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या वाचल्या की कळतं मुलं काय घेऊन जगतात. "ताक पाजलं त उतरते काय?" नाही. ताक, लिंबू, कॉफी, थंड पाणी, कशानेच नाही. यकृत आपल्या गतीने काम करतं, वेळच लागतो. "बाबा बेहोश पडले त काय कराचं?" ही चिठ्ठी प्रत्येक वर्गात निघते. उताणं ठेवू नका, कुशीवर वळवा म्हणजे उलटी श्वासात जाणार नाही. हलवूनही जाग येत नसेल, श्वास अडखळत असेल, तर १०८ला फोन करा. हे मी मुलांकडून करूनही घेते. ज्या मुलाला घरी याची गरज आहे तो सर्वांत लक्ष देऊन शिकतो, आणि कोणालाच कळत नाही की तो कोण.

"बिअर म्हणजे दारू नोय ना?" याचं उत्तर फळ्यावर गणिताने. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, अल्कोहोल ८ टक्के, म्हणजे ५२ मिली. व्हिस्कीचे ९० मिली, ४२.८ टक्के, म्हणजे साधारण ३८.५. गणित मुलंच करतात. पुढच्या बाकावरचे पोट्टे एकमेकांकडे पाहायला लागतात.

मग मी विचारते, देशात पंधरा वर्षांवरच्या शंभर पुरुषांपैकी किती पितात? मुलं ७०, ८०, ९० लिहितात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा सुमारे १९ आहे. वर्ग ओरडतो, "खोटं!" २०१९ च्या एम्सच्या सर्वेक्षणात तर १० ते १७ वयोगटात शंभरात दीड मूलही पिणारं निघालं नाही. मग मी त्यांना त्यांच्या ओळी मनातल्या मनात मोजायला लावते.

शेवटचे दोन तास सरावाचे. वरातीतला बँड, सोयाबीनच्या सोंगणीनंतरची पार्टी, पोळ्याची कर, हे प्रसंग आणि भाषा मुलांचीच. "घे ना बे, मर्द हायस का नाई?" याला उत्तर पुस्तकी मराठीत सुचत नाही. एकाने शोधलं, "मले उद्या कबड्डी हाय, तू पे अन् हार." दुसरा फक्त "गाडी मी चालवतो" म्हणून चावी मागतो. तोंडाने म्हणून सवय झालेलं वाक्य ऐन वेळी जिभेवर येतं. सागर या तासांत सर्वांत चांगला नट निघाला, बाटली पुढे करणाऱ्याचं काम त्यानेच मागून घेतलं. पव्वा हे नाव पोरांच्या तोंडून आपोआप गळलं.

वडील अजून पितात. सागर नववी पास झाला, करीनंतर त्याने तोंड लावलेलं नाही असं आई सांगते. त्याच्या आईला जे सांगितलं तेच इतरांना सांगते. मुलाला बाटली आणायला पाठवू नका. मुलाला दारू देणाऱ्याला किंवा त्याच्याकरवी ती विकणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. रात्री बापाला शोधायलाही मुलाला धाडू नका. नवऱ्याशी बोलायचं तर सकाळी, तो शुद्धीत असताना, मुलांना मध्ये न घेता. आणि रोज पिणाऱ्याची दारू रागाच्या भरात एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर फोन केला तर पुढची वाट कळते.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती असते. २६ जूनची फेरी काढा, हरकत नाही, पण हे चार तास श्रावणात ठेवा. पोळा अमावास्येला, कर दुसऱ्या दिवशी. सराव ताजा असताना मुलं शेतात गेली पाहिजेत, म्हणून मी शाळांना पत्रं जुलैमध्येच पाठवते.