पुण्यात व्हीसी नाहीत म्हणून बंगळुरूला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकण-भोसरीतल्या लहान कारखान्यांसाठी तुम्ही मशीन-देखभालीचं सॉफ्टवेअर केलंय, मोजके कारखाने पैसे मोजून ते वापरतायत, आणि भागीदाराचं म्हणणं आहे की पुण्यात व्हीसी (व्हेंचर कॅपिटल, म्हणजे हिस्सा घेऊन नव्या कंपन्यांत पैसे घालणारे फंड) नाहीत, बिऱ्हाड बंगळुरूला हलवू. सरकारी पैशाचा उल्लेख आहे, सध्याच्या नोकरीच्या करारातल्या ‘स्पर्धक धंदा करणार नाही’ या कलमाची धास्तीही. सोबत हेही विचारलंय की एवढं आयटी असून पुण्यात गुंतवणुकीचं वातावरण तसं का जमलं नाही. या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेली, हे पुण्यात अजून हळहळत सांगितलं जातं. पण ती भांडवलाच्या शोधात गेली नव्हती. त्या काळात आपल्याकडे व्हेंचर कॅपिटल होतंच कुठे? मायको, म्हणजे आजची बॉश, हे त्यांचं गिऱ्हाईक बंगळुरूत होतं, म्हणून ते गेले. ही गोष्ट भागीदाराला जरूर सांगा. गिऱ्हाइकामागे गाव सोडणं मला समजतं. तुमची गिऱ्हाइकं तर चाकणला आहेत.

आता पुण्याविषयी. इथे सॉफ्टवेअर आलं ते इंजिनिअरिंगच्या जमिनीवर. टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१ ची, सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था १९८८ ची, आणि तिथला परम ८००० महासंगणक १९९१ चा. पर्सिस्टंट आणि केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपन्या दोन्ही १९९० च्या. त्यानंतर व्हेरिटाससारख्या अमेरिकी कंपन्यांनी इथे संशोधन-विकास केंद्रं काढली. तिथे तयार झालेली माणसं स्टोरेज, डेटाबेस, बॅकअप असल्या गोष्टींत मुरलेली होती. ग्राहक परदेशातली मोठी कंपनी, एकेक विक्री जमायला वर्ष घेणारी, आणि चूक झाली तर कुणाचा तरी डेटा जाणार. अशा तालमीतून निघालेला माणूस कंपनी काढतो तेव्हा ती किराणा पोचवणारं ॲप काढेल अशी शक्यता कमीच.

ड्रूवा बघा. जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोथंडरामन हे व्हेरिटासच्या मुशीतले लोक. २००८ मध्ये पुण्यात कंपनी काढली, धंदा डेटा सुरक्षित ठेवण्याचा, आणि २०१९ मध्ये मूल्यांकन १०० कोटी डॉलरच्या वर. आयसर्टिस करारांचं सॉफ्टवेअर करते, माइंडटिकल विक्री करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं, पबमॅटिक जाहिरातींच्या लिलावाचं. पबमॅटिक २०२० च्या डिसेंबरात नॅसडॅकवर नोंदली गेली. या सगळ्यांची पाटी अमेरिकेत आणि इंजिनिअरांची मोठी फळी पुण्यात. त्यांची जाहिरात ना टीव्हीवर दिसते ना होर्डिंगवर, त्यामुळे बाणेरमध्ये त्यांच्या ऑफिससमोर चहा पिणाऱ्यालाही ती कंपनी काय करते हे ठाऊक नसतं. ‘पुण्यात काही होत नाही’ या समजाचं निम्मं कारण हेच आहे असं माझं मत. फर्स्टक्राय हा ठळक अपवाद, कारण लहान मुलांचे कपडे सगळ्यांनाच कळतात.

यातल्या कुणाचंही काम पुण्यात फंडाचं ऑफिस नाही म्हणून अडलं नाही. २०१० मध्ये ड्रूवात सिकोया हा व्हीसी फंड आणि इंडियन एंजल नेटवर्क हा एंजलांचा, म्हणजे स्वतःचे पैसे नव्या कंपन्यांत घालणाऱ्यांचा, गट यांनी पैसे घातले. त्याच वर्षी सिकोयाने क्विक हीलमध्ये ६० कोटी रुपये गुंतवले. क्विक हीलचं उदाहरण मला जास्त आवडतं. कैलास काटकर हे दुरुस्तीच्या दुकानातून वर आलेले, भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, आणि गावोगावच्या संगणक विक्रेत्यांमार्फत तो विकला. सादरीकरणाची इंग्रजी स्लाइड पाहून कुणी ते पैसे दिलेले नाहीत. आकडे होते, डीलरचं जाळं होतं, आणि ते बघायला फंडवाले पुण्यात आले. मोठा पैसा प्रवास करतो. एक्सप्रेसवे २००२ पासून आहे आणि फंड मुंबईचा असेल तर पार्टनर सकाळी निघून बैठक उरकून रात्री घरी जेवायला जातो.

प्रवास करत नाही तो पहिला पैसा. पंचवीस लाख, पन्नास लाख, जेव्हा दाखवायला आकडे नसतात आणि प्रॉडक्ट अर्धं असतं. हा चेक तुमच्यासोबत काम केलेला किंवा तुमच्या धंद्यातलं आतलं कळणारा माणूस देतो, आणि तो सहसा त्याच शहरात राहतो. त्यामुळे एखाद्या शहराचं गुंतवणुकीचं वय मोजायचं असेल तर मी फंडांची ऑफिसं मोजत नाही. स्टार्टअपमध्ये नोकरी करून शेअर विकून मोकळी झालेली आणि त्यातले थोडे पुढच्याला द्यायला तयार असलेली माणसं किती, ते बघतो.

इथे बंगळुरू आणि पुणे यांच्यातला खरा फरक आहे. फ्लिपकार्ट २००७ ची. २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर देऊन ७७ टक्के हिस्सा घेतला. त्याआधीही कंपनीने कर्मचाऱ्यांचे ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क (ऑप्शन), परत विकत घेतले होते. म्हणजे शेकडो पगारदार लोकांच्या खात्यात घराचं कर्ज फिटून वर उरेल इतका पैसा आला, तोही चाळिशीच्या आत. फोनपे, उडान, क्युअरफिट यांचे संस्थापक फ्लिपकार्टमधून निघालेले, आणि त्यांच्या मागे चेक लिहिणारे जुने सहकारीही तिथलेच.

पुण्यात ही साखळी सावकाश फिरली. पर्सिस्टंटचा आयपीओ यायला २० वर्षं लागली. क्विक हीलचा २०१६ मध्ये आला. ड्रूवा, आयसर्टिस मोठ्या झाल्या, पण बाजारात नोंद झाली नाही. ईसॉप कागदावर असतो तोवर त्याने कुणी एंजल होत नाही. उलट ऑप्शन शेअरमध्ये बदलताना होणारा फायदा पगारासारखा करपात्र धरला जातो, म्हणजे हातात रुपया येण्याआधी कर. मोजक्या प्रमाणित स्टार्टअपना २०२० पासून हा कर पुढे ढकलता येतो, बाकीच्यांना नाही. मग नोकरी सोडताना लोक ऑप्शन तसेच वाया जाऊ देतात, आणि शहराचा एक संभाव्य गुंतवणूकदार कमी होतो.

तरीही साखळी आहे. सुपम माहेश्वरी यांची आधीची कंपनी ब्रेनव्हिसा, ई-लर्निंगची, २००७ मध्ये विकली गेली. मग २०१० मध्ये अमिताव साहा यांच्यासोबत फर्स्टक्राय. फर्स्टक्रायची माल पोचवणारी यंत्रणा २०१५ मध्ये वेगळी होऊन एक्सप्रेसबीज झाली, आणि तीही २०२२ मध्ये युनिकॉर्न, म्हणजे १०० कोटी डॉलर मूल्याची. फर्स्टक्राय ऑगस्ट २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. एका विक्रीतून निघालेला धागा दोन मोठ्या कंपन्यांपर्यंत गेला. असे धागे पुण्यात दहा-बारा असते तर तुमच्या भागीदाराला हा प्रश्न पडलाच नसता.

पुण्यात पैसा नाही असं मात्र कुणी म्हणू नये. आहे, भरपूर आहे, पण तो जमिनीत आहे. प्लॉट घेतलेल्याला सॉफ्टवेअर कंपनीत १० टक्के हिस्सा म्हणजे काय हे पटवायला जाऊ नका. तो पहिल्याच बैठकीत ‘व्याज किती?’ विचारेल, आणि त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे.

सरकारी पैशाबद्दल एक गैरसमज दूर करतो, कारण तुम्ही त्याचाही उल्लेख केलाय. २०१६ चा १०,००० कोटींचा फंड ऑफ फंड्स सिडबी ही लघुउद्योगांसाठीची सरकारी वित्तसंस्था चालवते, पण त्यातून स्टार्टअपला थेट काही मिळत नाही. ते पैसे सेबीकडे नोंदलेल्या फंडांत जातात, आणि त्या फंडांनी घेतलेल्या रकमेच्या किमान दुप्पट स्टार्टअपमध्ये घालायचे असतात. अर्ज तुम्ही करायचा तो फंडाकडे. सिडबीच्या दारात उभं राहून उपयोग नाही. एंजल टॅक्स, म्हणजे रास्त किमतीपेक्षा चढ्या भावाने शेअर देऊन आलेल्या पैशावरचा कर, जो २०१२ पासून डोक्याला ताप होता, तो २०२४ च्या अर्थसंकल्पात काढला गेला. पहिल्या चेकसाठी माझ्या मते हा बदल कुठल्याही इन्क्युबेटरपेक्षा, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा-उपकरणं देणाऱ्या केंद्रापेक्षा, मोठा. इन्क्युबेटर प्रयोगशाळा लागणाऱ्यांना खरंच हवा असतो. एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून हेच करतंय, रसायन किंवा बायोटेकवाल्याला लागणारी उपकरणं स्वतः घेणं परवडत नाही. तुम्हाला लॅपटॉप आणि कारखान्याच्या गेटचा पास पुरतो.

आता मुख्य मुद्दा: तुम्हाला व्हीसी हवेत का? गणित करू. ३०० कोटींचा फंड आहे, आयुष्य साधारण १० वर्षं. वीस-पंचवीस कंपन्यांत पैसे घालणार, त्यातल्या बऱ्याच बुडणार किंवा जेमतेम मुद्दल देणार हे फंडवाल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणून प्रत्येक कंपनीकडे तो ‘ही एकटी माझा अख्खा फंड परत देईल का?’ या नजरेने बघतो. आज १५ टक्के हिस्सा घेतला, पुढच्या राउंडमध्ये, म्हणजे नवे पैसे उभारताना, घटून १० राहिला, तर ३०० कोटी मिळायला तुमची कंपनी ३,००० कोटींना विकली जावी लागते. लहान कारखान्यांना महिन्याला काही हजारांत सॉफ्टवेअर विकून तिथे पोचायचं तर किती कारखाने लागतील, त्यांना विकायला किती माणसं लागतील, हे एका संध्याकाळी कागदावर मांडा. आकडा जमत असेल तर व्हीसीकडे जा. जमत नसेल तर तुमचा धंदा वाईट ठरत नाही. वर्षाला २० कोटींची विक्री आणि चांगला नफा देणारी कंपनी दोघांनी मिळून चालवणं हे उत्तम आयुष्य आहे, फक्त त्यात व्हीसीचा पैसा घेतला की भांडण ठरलेलं.

मला वाटतं तुमच्यासारख्यांसाठी वाट वेगळी आहे. पहिला चेक तुमच्याच गिऱ्हाइकांमधून काढा. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या व्हेंडर कारखान्याचा मालक, ज्याचं मशीन तुमच्या सूचनेमुळे बंद पडता पडता वाचलं, त्याला वर्षाचे पैसे आगाऊ मागा. तो देत असेल तर तुमच्याकडे पैसा आणि पुरावा दोन्ही आले. देत नसेल तर कारण ऐकून घ्या, ते कुठल्याही मेंटॉरच्या सल्ल्यापेक्षा कामाचं असेल. त्याच्या पुढची पायरी, त्याच भागातल्या मोठ्या वाहन कंपनीच्या पुरवठा विभागापर्यंत त्याच्यामार्फत पोचणं. तिथून होकार आला तर शेकडो व्हेंडर एकदम दिसायला लागतात, आणि तेव्हा वरचं गणित परत मांडा. दुसरा चेक जुन्या सहकाऱ्यांकडे मागा. नऊ-दहा वर्षं प्रॉडक्ट कंपनीत काढली असतील तर तुमचा एखादा जुना मॅनेजर हमखास मोकळा झालेला असतो. तो ओळखीखातर पैसे देणार नाही, पण वेळ देईल, आणि पुण्यात पैसा बहुतेकदा वेळेमागून येतो. टाय पुणे या उद्योजकांच्या संस्थेच्या कार्यक्रमांना जा, पण महिन्यातून एकदा पुरे. काही फाउंडर तिथे इतके दिसतात की ते काम कधी करतात हा प्रश्न पडतो.

सध्याच्या कंपनीच्या करारातल्या त्या कलमाची धास्ती घेतली आहे तुम्ही, म्हणून तेही सांगतो. नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं स्पर्धक धंदा करणार नाही, असं कलम भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमाखाली साधारणपणे टिकत नाही. कायदा १८७२ चा. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियाची नागरी संहिताही त्याच वर्षीची, आणि दोन्हीकडची ही तरतूद डेव्हिड डडली फील्ड या न्यू यॉर्कच्या वकिलाच्या मसुद्यावरून आलेली. सिलिकॉन व्हॅलीत माणसं एका कंपनीतून उठून समोर दुसरी काढू शकतात त्याच्या मुळाशी असलेली मोकळीक आपल्याकडेही तितकीच जुनी आहे. मात्र गुप्ततेचं कलम आणि बौद्धिक संपदेचं कलम पूर्ण लागू असतं. कोडची एक ओळ कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिली असेल तर राजीनाम्याआधी वकिलाला दाखवा. टर्म शीट (गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा) आल्यावर गुंतवणूकदाराचा वकील हीच ओळ आधी शोधतो.

भागीदाराला तरीही बंगळुरू हवंच असेल, तर एकट्याने तीन महिने जाऊन गुंतवणूकदारांना भेटू दे. तुम्ही इथे कारखाने वाढवा. पण तो निघण्याआधी दोघांचे शेअर चार वर्षांत हळूहळू पक्के होतील, पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडल्यास काही मिळणार नाही, असा करार सहीशिक्क्यानिशी करून घ्या. जिवलग मित्र असलात तरी. खरं तर म्हणूनच.